गुळगुळीत लिव्हर कसं काढावं: सीटीच्या खोलीत नव्याने बसणाऱ्यांसाठी

पहिली सूचना सर्जन मंडळींना: नाव वाचून दचकू नका. इथे लिव्हर काढायचं म्हणजे पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये त्याचा फोटो काढायचा. डिप्लोमा करून नुकताच कन्सोलसमोर बसलेल्या टेक्निशियनसाठी ही पुस्तिका आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचं सेंटर, सोळा स्लाइसचं मशीन, बाहेर बाकांवर पंधरा नातेवाईक, आत एक पेशंट आणि दुसऱ्या गावाहून रिपोर्ट करणारे सर फोनवर, "अरे, किती ग्रेनी इमेज पाठवतोस!" अशी ज्याची परिस्थिती असेल, त्याने पुढचे धडे क्रमाने वाचावेत. आम्ही ते क्रमाने लिहिलेले नाहीत, पण शिस्त ही शिकणाऱ्याने पाळायची असते.

धडा १: सगळ्यांना खूश ठेवणे

या खोलीशी ज्यांचा संबंध येतो त्यांची यादी आधी पाठ करा. रिपोर्ट करणारे सर: यांना इमेजवर एक दाणा दिसलेला चालत नाही. रेफर करणारे डॉक्टर: यांना सगळं हवं असतं, फक्त कशासाठी ते फॉर्मवर लिहायला वेळ नसतो. मालक: यांना मशीनचा हप्ता भरायचा असतो. नातेवाईक: यांनी हजारो रुपये मोजलेले असतात, त्यामुळे पाच मिनिटांत पेशंट बाहेर आला की "एवढ्यात झालं?" असं विचारतात, आणि त्यात आनंद नसतो. शेवटी कंपनीचे ॲप्लिकेशनवाले: हे मशीन बसवताना आले, प्रोटोकॉल भरून गेले. मागाहून कुणाचा फोन येऊ नये म्हणून त्यांनी सगळे आकडे सढळ हाताने भरले.

पेशंटचं नाव यादीत नाही, कारण तो टेबलावर आहे आणि त्याला हलू नका असं सांगितलेलं आहे.

या सगळ्यांना एकाच वेळी खूश करायचा उपाय फार सोपा आहे: ट्यूबचा करंट वाढवा. इमेज गुळगुळीत येते, सर खूश, डॉक्टर खूश, फोन बंद. पूर्वीच्या फिल्मच्या एक्स-रेमध्ये ही सोय नव्हती. किरण जास्त पडले की फिल्म काळी व्हायची आणि डार्करूममधून बाहेर येताच चोरी उघडी पडायची. सीटीत जास्त डोस दिला की इमेज फक्त आणखी छान दिसते. डोस जास्त दिला म्हणून सेंटरवर भांडायला कुणी येत नाही. इमेज खराब आली म्हणून रोज कुणीतरी येतं. या दोन वाक्यांत या धंद्याचं निम्मं अर्थशास्त्र आलं.

धडा २: दाण्यांचं गणित

तूप रवाळ असलं की घरात कौतुक होतं, लिव्हर रवाळ असलं की फोन येतो. हे दाणे येतात कुठून? ट्यूबमधून निघालेले किरण पोटातून पार होऊन पलीकडच्या डिटेक्टरवर पोचतात. किती पोचले यावरून मशीन आतलं चित्र बांधतं. थोडेच पोचले तर अंदाज डळमळतो, आणि शेजारशेजारच्या चौकटींत सारखंच लिव्हर असूनही एक चौकट थोडी उजळ, एक थोडी काळी पडते. तेच दाणे.

आता गणित असं की दाणे निम्मे करायचे तर डोस दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. वर्गमूळ मध्ये येतं. म्हणजे सरांना जेवढं जास्त गुळगुळीत हवं तेवढा प्रत्येक पुढचा टप्पा महाग पडत जातो, आणि बिल सरांच्या नावावर फाटत नाही. हीच गोष्ट उलटी वाचा: डोस सरळ निम्मा केला तर दाणे वाढतात ते फक्त चाळीसेक टक्क्यांनी. निम्म्या डोसला चाळीस टक्के दाणे हा सौदा पुष्कळ वेळा परवडतो. पण तो करायला फॉर्मवर प्रश्न काय विचारलाय ते माहीत असावं लागतं. फॉर्मवर लिहिलेलं असतं 'पेन ॲब्डोमेन'.

पोट जाड असेल तर आणखी पंचाईत. साधारण साडेतीन-चार सेंटिमीटर पाण्याइतक्या जाडीत किरण निम्मे होतात. शेजारच्या पेशंटपेक्षा पोट बारा सेंटिमीटरने पुढे असेल, तर पलीकडे पोचणारे किरण आठव्या हिश्शावर येतात. म्हणून सडपातळ मुलीला आणि गल्लीतल्या पहिलवानाला एकच आकडा लावणं हा दोघांवर अन्याय आहे. तिला फुकट डोस, त्याला फुकट स्कॅन.

मापं सांगायला पट्टी आहे ती गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाची. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे शंभराच्या आसपास, साधं लिव्हर पन्नास-साठ. हाउन्सफील्ड इएमआय कंपनीत इंजिनिअर होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली हॉस्पिटलात त्यांच्या मशीनवर पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला, आणि १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. त्या पहिल्या चित्रात ८० बाय ८० चौकटी होत्या. आज तुम्ही ५१२ बाय ५१२ पाठवता. ते चित्र आजच्या कुठल्याही सरांनी तोंडावर फेकलं असतं. पण त्यात मेंदूतली गाठ दिसली आणि ती काढताही आली. प्रश्न होता, गाठ आहे का आणि कुठे. उत्तर मिळालं.

धडा ५: ऑटोवर टाका आणि चहाला जा

(धडा ३ आणि ४ ॲप्लिकेशन ट्रेनिंगच्या दिवशी झाले. त्या दिवशी तुम्ही नोकरीला लागलेले नव्हता.)

नव्या मशीनमध्ये करंट आपोआप कमीजास्त होतो. सुरुवातीला जो स्काऊट काढता, कुणी त्याला टोपोग्राम म्हणतं, त्यावरून मशीन पेशंटची जाडी ओळखतं. फुप्फुसाच्या टोकाशी करंट उतरवतं, कमरेच्या हाडाशी चढवतं. उत्तम सोय आहे. फक्त तिला एक गोष्ट तुम्हाला सांगावी लागते: तुम्हाला इमेज किती चांगली हवी. इथे प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. एकीच्या मशीनवर 'नॉइज इंडेक्स' भरतात. हा आकडा म्हणजे किती दाणे खपवून घ्याल याची कबुली. तो वाढवला की डोस उतरतो. १० चा १४ केला की डोस जवळपास निम्मा. दुसरीच्या मशीनवर 'क्वालिटी रेफरन्स एमएएस' भरतात, आणि तो वाढवला की डोस चढतो. नोकरी बदलून एका मशीनवरून दुसऱ्यावर गेलेला माणूस डोस कमी करायला आकडा वाढवतो आणि नंतर इमेज इतकी सुंदर का येतेय याचं नवल करत बसतो. अर्थात तक्रार कुणाचीच येत नाही (धडा १ पाहा).

याहून गोड सापळा स्लाइसच्या जाडीचा आहे. नॉइज इंडेक्सवाल्या मशीनवर तो आकडा पहिल्या रिकन्स्ट्रक्शनच्या जाडीला बांधलेला असतो. समजा पाच मिलिमीटरला बेतलेला आकडा तसाच ठेवून कुणी हौसेने पहिलं रिकन्स्ट्रक्शन सव्वा मिलिमीटरचं केलं. स्लाइस चौथ्या हिश्शावर आली, किरण चौथा हिस्सा, दाणे दुप्पट. मशीन इमानदार, ते दाणे पुन्हा जागेवर आणायला चौपट करंट मागतं, आणि तुम्ही लावलेली कमाल मर्यादा येईपर्यंत चढत राहतं. ज्याला पातळ स्लाइस हव्यात त्याने पहिलं रिकन्स्ट्रक्शन जाड ठेवून पातळ दुसऱ्या क्रमांकावर लावावं. वाचताना तीन ते पाच मिलिमीटर, शंका आली तर पातळ. एवढं केलं तरी वर्षभराचं पुण्य पदरात पडतं.

ऑटोवर आंधळा विश्वास ठेवल्याने काय होतं, याचं उदाहरण पोटाचं नाही, डोक्याचं आहे, पण मशीन तेच. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलात मेंदूच्या परफ्यूजन स्कॅनच्या प्रोटोकॉलमध्ये २००८ साली बदल झाले. त्यानंतर दीड वर्ष पेशंटना ठरल्याच्या जवळजवळ आठपट डोस मिळत राहिला. त्या वेळच्या मोजणीत २०६ पेशंट. २००९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे जाहीर केलं. काही पेशंटचे केस गळाले, म्हणून सुगावा लागला. आपोआप करंट ठरवणारी सोय डोस कमीच करते, असं त्या खोलीतल्या सगळ्यांनी धरून चाललं होतं. ती सोय दिलेला हुकूम पाळते, एवढंच. पोटावर केस गळून काही लक्षात येत नाही, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

धडा ६: पेशंट मध्यावर ठेवणे आणि इतर बारीक कामं

टेबल उंचखाली करून पेशंट गॅन्ट्रीच्या बरोब्बर मध्यावर आणायचा. हे दहा सेकंदांचं काम आहे, म्हणून ते होत नाही. पेशंट ट्यूबच्या जवळ गेला की स्काऊटवर तो आहे त्यापेक्षा जाड दिसतो, मशीन त्या खोट्या जाडीवर विश्वास ठेवून करंट चढवतं. दूर गेला की बारीक दिसतो आणि दाणे येतात. म्हणजे लेझरची रेघ बरगडीच्या मध्यावर न आणता चादरीवर सोडली, तर एकाला फुकट डोस आणि दुसऱ्याला फुकट दाणे.

हात डोक्यावर. हात अंगालगत राहिले तर दोन हाडांमधून जाणाऱ्या किरणांचे पट्टे लिव्हरवर पडतात आणि डोसही वाढतो. खांदा आखडलेल्या आजोबांना ते जमत नाही, तेव्हा निदान हात पोटावर उशीवर ठेवा. हातातला घड्याळाचा पट्टा, कमरेचा करगोटा, तायताचं कडं काढायला सांगा. करगोटा काढायला तयार नसणारा पेशंट आठवड्याला एक तरी भेटतो. वाद घालू नका, चांदीचा नसेल तर दोरा राहू द्या.

शिशाचा एप्रन. पेशंटच्या आईला तो हवा असतो: "पोरीच्या पोटावर काहीतरी टाका हो, तेवढंच." माया खरी आहे, पण स्कॅनच्या पट्ट्यात शिसं आलं की ऑटो करंटला समोर डोंगर दिसतो आणि तो सगळी ताकद लावतो. डोस वाढतो, इमेजवर पट्टे येतात. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये पेशंटच्या जननेंद्रियांवर शिसं टाकण्याची पद्धत बंद करा, असंच सांगितलं. आईला हे समजावून सांगा. तिच्या मुलीला शेवटची पाळी कधी आली हे मात्र विचारा, आणि ते बाकांवरच्या पंधरा नातेवाइकांसमोर ओरडून विचारू नका.

धडा ७: श्वास

कंपनीने मशीनमध्ये आवाज भरून दिलेला असतो. इंग्रजी, फारतर हिंदी. गॅन्ट्रीत झोपलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा असल्या खोलीत आलेल्या बाईला छतातून अचानक "साँस अंदर लीजिए" ऐकू येतं. ती आधी आवाज कुठून येतोय ते बघायला मान वळवते. मग श्वास घेते. तोवर टेबल सुटलेलं असतं.

मग तुम्ही माइकवर जाता.

"आजी, श्वास घ्या... आता धरून ठेवा."

"धरलाय की!"

धरलाय की म्हणताना सुटला. लिव्हरची वरची कड दोन ठिकाणी उमटते, डाव्या किडनीवर सावली येते, आणि सर म्हणतात, रिपीट कर. रिपीट म्हणजे पहिला सगळा डोस पाण्यात आणि तेवढाच पुन्हा. डोस कमी करण्याबद्दल परिषदांमध्ये जे बोललं जातं त्यात हे कधी येत नाही, कारण याला उपकरण लागत नाही. बहुतेक मशीनवर आपला आवाज भरता येतो. दुपारी पेशंट नसताना दार लावून भरा: श्वास घ्या, धरा, बोलू नका, आता सोडा. 'बोलू नका' यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे. त्यानंतर आजीला टेबलावर घेण्याआधी बाकावरच दोनदा तालीम करून घ्या. तालमीचा डोस शून्य.

धडा ८: प्लेन, कॉन्ट्रास्ट, अजून थोडं कॉन्ट्रास्ट

आता मुख्य विषय. वर जे करंट, जाडी, शिसं वगैरे सांगितलं ते किरकोळ बाजाराचं काम होतं. डोसचा घाऊक व्यापार चालतो रिक्वेस्ट फॉर्मवर.

फॉर्मवर लिहिलेलं असतं: 'सीटी ॲब्डोमेन प्लस पेल्व्हिस, प्लेन अँड कॉन्ट्रास्ट, ट्रायफेजिक'. लिहिणाऱ्याला ट्रायफेजिक हा शब्द आवडतो. तुम्ही आज्ञाधारक असाल तर आधी प्लेन घ्याल, मग शिरेतून आयोडीनचं औषध सोडून पस्तीसेक सेकंदांनी आर्टरियल, सत्तरेक सेकंदांनी पोर्टल व्हीनस, चार-पाच मिनिटांनी डिले. चारही वेळा डायफ्रॅमपासून थेट खाली प्युबिसपर्यंत, कारण 'असू द्या, राहून जायला नको'.

हिशेब मांडू. साध्या मध्यम बांध्याच्या माणसाला एका फेरीत सीटीडीआय, म्हणजे स्क्रीनवरचा डोसचा आकडा, समजा १२ मिलिग्रे आला. अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजने मोठ्या माणसाच्या पोटासाठी २५ हा तपासणीचा आकडा ठेवलाय, त्यापेक्षा हा खूप बरा. लांबी ४५ सेंटिमीटर. १२ गुणिले ४५, डीएलपी झाला ५४०. पोटासाठी त्याला ०.०१५ ने गुणायचं: ८.१ मिलिसिव्हर्ट. जगात माणसाला जमिनीतून, आकाशातून, अन्नातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक फेरी सव्वातीन वर्षांची. चार फेऱ्या ३२.

तुमच्या छातीवर टीएलडीचा बिल्ला आहे. तो दर तिमाहीला तपासायला जातो. एईआरबीच्या नियमाप्रमाणे तुमची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बिल्ल्यावर दरवेळी जवळपास शून्य येतं, आणि तरीही तो हरवला तर केवढा गोंधळ होतो. पेशंटच्या छातीवर बिल्ला नसतो. त्याला एका दुपारी ३२ मिळाले आणि तो फिल्मची प्लास्टिकची पिशवी घेऊन एसटी स्टँडवर गेला. पेशंटला मर्यादा नाही हे योग्यच आहे. गरज असेल तर हवा तितका डोस द्यावा. सगळा प्रश्न त्या 'गरज असेल तर'चा आहे.

लिव्हर सिऱ्होसिसच्या पेशंटमध्ये कॅन्सरची गाठ शोधायची तर आर्टरियल, पोर्टल, डिले तिन्ही लागतात. गाठ आधी उजळते आणि मग विझते, तेच तिचं लक्षण. तिथे काटकसर केलीत तर तो गुन्हा ठरेल. पण महिनाभर ताप, पोटात दुखतंय, वजन उतरलंय, टीबीची शंका, अशा पेशंटला पुष्कळदा एक पोर्टल फेरी पुरते. आधीच्या प्लेनने त्यात काय भर पडली हे सरांना एकदा विचारून बघा. सर खरे असतील तर गप्प बसतील.

ज्यांना भीती मोजायला आवडते त्यांच्यासाठी: अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २००६ च्या अहवालात अंदाज दिला की १० मिलिसिव्हर्टमुळे हजारात एकाला पुढे आयुष्यात कधीतरी कॅन्सर होऊ शकतो. एरवी शंभरातल्या बेचाळीसांना तो होतोच, अमेरिकेत. हजारात एक हा काही मुतखड्यावर अंगारा लावून घरी बसण्याचा आकडा नाही. पण तुमच्या सेंटरमध्ये महिन्याला पोटाचे तीनशे स्कॅन होत असतील आणि प्रत्येकात एक फेरी फुकटची, म्हणजे आठ मिलिसिव्हर्ट, जात असेल, तर त्याच हिशेबाने वर्षाला तिघे. इतक्या छोट्या डोसांची अशी बेरीज करावी का यावर तज्ज्ञांत वाद आहे, आणि म्हाताऱ्यांना धोका कमी, पोरांना जास्त. पोरांचं मात्र आता नुसत्या अंदाजावर राहिलेलं नाही. युरोपातल्या नऊ देशांत बावीस वर्षांच्या आत सीटी झालेल्या नऊ लाखांहून जास्त जणांचा माग काढला गेला आणि २०२३ मध्ये निष्कर्ष आले: डोस वाढतो तसे रक्ताचे कॅन्सर वाढतात. म्हणून सात वर्षांच्या मुलाच्या अपेंडिक्ससाठी फॉर्म आला तर आधी विचारा, सोनोग्राफी झाली का.

मुलांच्या बाबतीत आणखी एक चकवा. स्क्रीनवरचा सीटीडीआय तुमच्या पेशंटचा नसतोच. तो ३२ सेंटिमीटर व्यासाच्या ॲक्रिलिकच्या ठोकळ्याचा असतो. लहान पोराच्या अंगात खरा डोस त्याच्या दुपटीच्या आसपास जातो, खूप जाड माणसाच्या अंगात थोडा कमी. म्हणजे स्क्रीन पोराच्या बाबतीत खोटं बोलते आणि नेमकं दिलासा देणारं खोटं बोलते.

धडा ९: मुतखडा

प्रात्यक्षिकासाठी एक केस घेऊ. उन्हाळा, विदर्भ किंवा मराठवाडा, सव्वीस-सत्तावीसचा ट्रॅक्टर चालवणारा मुलगा. कमरेपासून जांघेपर्यंत कळ, दोनदा उलटी, स्ट्रेचरवर सरळ झोपताही येत नाही. याच्या खिशात दोन वर्षांपूर्वीचा असाच स्कॅन आहे आणि पुढच्या उन्हाळ्यात हा पुन्हा येणार आहे. फॉर्मवर: 'सीटी ॲब्डोमेन, प्लेन अँड कॉन्ट्रास्ट'.

थांबा. खडा किती पांढरा असतो? कॅल्शियमचा खडा पट्टीवर पाचशे ते हजारच्या घरात. भोवतालची लघवी शून्याच्या आसपास. एवढा फरक असताना दाणे कितीही असोत, खडा लपणार नाही. उलट कॉन्ट्रास्ट दिला आणि ते औषध किडनीतून उतरलं, की पांढऱ्यात पांढरा खडा दिसेनासा होतो. म्हणजे जास्त डोस, जास्त खर्च, किडनीला जास्त काम आणि कमी उत्तर. हा दुर्मीळ योग आहे, तो साधू नका. नुसतं प्लेन, करंट बराच उतरवून, चार मिलिसिव्हर्टच्या आत. जाड नसलेल्या पेशंटला त्याहूनही कमीत होतं. लिव्हर रवाळ येईल. येऊ द्या. लिव्हरबद्दल कुणी विचारलेलंच नाही.

आता त्याच टेबलावर पुढचा पेशंट घ्या: आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाई, लिव्हरमध्ये गाठी पसरल्यात का एवढंच बघायचंय. गाठ आणि लिव्हर यांच्यात फरक वीस-तीस युनिटांचा. दाणेच दहा-पंधरा युनिटांचे असले तर सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ त्यांच्यात विरघळून जाते. इथे मघाचा कंजूषपणा आणलात तर बाईंना डोसही मिळाला आणि उत्तरही चुकलं. कमी डोसचा स्कॅन उत्तर देऊ शकला नाही, तर त्यातला प्रत्येक मिलिग्रे वाया गेलेला असतो. दोन्ही पेशंटना 'ॲब्डोमेन रूटीन' नावाचं एकच बटण दाबणारा टेक्निशियन मात्र फार लवकर काम संपवतो.

बाई सडपातळ असतील तर १२० केव्हीवरून १०० वर या. करंट तसाच ठेवला तर डोस तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरतो. दाणे वाढतात, पण कमी केव्हीवर आयोडीन जास्त चमकतं, त्यामुळे शिरा आणि गाठी उलट उठून दिसतात. पहिलवानावर हा प्रयोग करू नका, ट्यूबचा दम संपतो.

धडा १०: आता एआय आहे, काळजी नको

२००८ नंतर इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन आलं, २०१९ पासून डीप लर्निंगवालं. हे सॉफ्टवेअर दाणे पुसून देतं, आणि विक्रीच्या ब्रोशरमधलं लिव्हर साबणाच्या वडीसारखं दिसतं. उपयोग खरा आहे, डोस पुष्कळ उतरवता येतो. पण पुसणाऱ्याला दाणा आणि बारीक गाठ यांत फरक दर वेळी कळतोच असं नाही. डोस फारच खाली नेला तर इमेज गुळगुळीत राहते आणि त्यातली छोटी गाठ गेलेली असते. दाणेदार इमेज निदान सांगते तरी की मला नीट दिसत नाहीये. सॉफ्टवेअर घेतल्यावर डोस मात्र होता तितकाच ठेवून नुसती इमेज गुळगुळीत करायची, अशीही पद्धत आहे. ती आम्ही धडा १ मध्ये शिकवलीच आहे.

धडा ११: शेवटचं पान आणि नातेवाइकांचे प्रश्न

स्कॅन संपला की मशीन एक पान तयार करतं: डोस रिपोर्ट. सगळ्या सिरीजच्या शेवटी असतं. फिल्मवर ते छापत नाहीत, सर ते उघडत नाहीत. तुम्ही उघडा. रोज संध्याकाळी पोटाच्या स्कॅनचे डीएलपी एका वहीत लिहा. दोन आठवड्यांनी एखादा आकडा बाकीच्यांच्या तिप्पट दिसेल. तो स्कॅन परत उघडून फेऱ्या मोजा, लांबी बघा, टेबलाची उंची बघा, आजी बोलल्या होत्या का ते आठवा.

नातेवाईक विचारतील, "रेडिएशन किती लागलं हो?" 'काही नाही, अगदी सेफ' असं उत्तर देऊ नका, आणि हजारात एकचा हिशेबही काउंटरवर मांडत बसू नका. त्या मुतखड्यावाल्या पोराच्या वडिलांना सांगा: निसर्गातून माणसाला दीड वर्षात जेवढं मिळतं, साधारण तेवढं. ते मान हलवतील. दोन मिनिटं विचार करतील. मग म्हणतील, "एवढंच ना? मग छातीचाही काढून टाका की, आलोच आहोत तर."

फॉर्मवर छाती लिहिलेली नाही, एवढं सांगा आणि पुढचं नाव पुकारा.